वाया गेलेल्या कागदांचा हिशेब

बारावीचे निकाल लागले, की मध्यमवर्गीय घरांतून जी खलबते सुरू होतात, त्यांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. मुलगा अथवा मुलगी एके दिवशी जाहीर करते, की आपल्याला अभियांत्रिकीला जावयाचे नाही, वैद्यकीय शाखेचा तर प्रश्नच नाही. आपल्याला 'डिझाइन' शिकावयाचे आहे. बँकेत अथवा शाळेत नोकरी करणारे वडील क्षणभर गप्प होतात. मग तीन प्रश्न विचारले जातात : खर्च किती, नोकरी लागते काय, आणि यात पुढे असते तरी काय? हे प्रश्न अरसिकपणाचे मानून त्यांची टिंगल करण्याची पद्धत आपल्याकडील कलासक्त मंडळींत रूढ आहे. मला ती मान्य नाही. ज्याला आपल्या भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढावयाचे आहेत, त्याला हे प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तक्रार करावयाची तर इतकीच, की या तीन प्रश्नांच्या गर्दीत चौथा प्रश्न राहून जातो. त्या चार वर्षांत या मुलाचे नेमके होते काय? तो कशाने वाढतो, आणि त्या वाढीची किंमत कोण मोजतो? अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने कलाशिक्षणावर लिहावे याचे कोणास नवल वाटल्यास मी या शेवटच्या पोटप्रश्नाकडे बोट दाखवीन.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. 'डिझाइन'साठी परिभाषाकारांनी संकल्पन, अभिकल्प असे प्रतिशब्द दिले आहेत. ते कागदावरच राहिले. लोकांच्या तोंडी डिझाइन म्हणजे साडीच्या काठावरची वेलबुट्टी. त्यामुळे वस्तू तयार झाल्यावर तिच्यावर नक्षी काढणारा तो डिझायनर, अशी समजूत होऊन बसते. वस्तुतः वस्तू कोणाच्या हातात जाणार, ती धरताना, उचलताना, वाचताना त्याला कोणती अडचण येईल, ती किती पैशांत बनेल, हे सारे तिच्या जन्मापूर्वी ठरविण्याचा हा व्यवसाय आहे. 1958 साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने आपल्या अहवालात जी एक वस्तू विशेष वाखाणली, ती कोणत्याही राजवाड्यातील नव्हती. ती होती आपला साधा लोटा. भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, धार कशी पडते, हाताला स्पर्श कसा लागतो, किंमत किती, अशा अनेक अटी एकाच आकारात कशा सामावल्या, आणि तोही कोणा एका माणसाने न घडविता पिढ्यान्पिढ्यांच्या वापरातून कसा घडला, याचे त्यांना कौतुक वाटले. त्या अहवालानंतर 1961 साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. मुंबईत जे. जे. कलाशाळा 1857 पासून होतीच. तिच्यात 1935 साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला. पुढे 1969 साली पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक डिझाइनचे केंद्र उभे राहिले. त्याचे संस्थापक सुधाकर नाडकर्णी जे. जे.त शिकून जर्मनीतील उल्म येथे गेले होते, आणि तेथे आपल्या पदविकेसाठी त्यांनी विषय निवडला तो मुंबईच्या रस्त्यावरील दूधवाटप केंद्राचा. परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याला पहाटे रांगेत उभे राहणारे गिऱ्हाईक आठवावे, यातच या विद्येची जात कळून येते.

आता विद्यार्थ्याकडे वळू. माझ्या माहितीतील एका मुलीचे उदाहरण देतो. ती आमच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला होती. वडील पंचायत समितीत लिपिक. तिने ते वर्ष पुरे केले, त्याच वर्षी डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा दिल्या, आणि पुण्यातील एका संस्थेत तिला प्रवेश मिळाला. दिवाळीच्या सुटीत तिचे वडील मला भेटावयास आले. त्यांच्या हातात कागदांची एक जाड गुंडाळी होती. ती टेबलावर उलगडीत ते म्हणाले, "सर, पहिल्या सहामाहीची फी भरली, आणि मुलगी रेघा मारते आहे. तुम्हीच बघा."

खरोखरच त्या रेघा होत्या. पट्टी न वापरता, हात न टेकता ओढलेल्या सरळ रेघा; पानेच्या पाने. त्याखाली चुरगळलेल्या कागदाची पेन्सिलीने काढलेली चित्रे, स्वतःच्या डाव्या हाताची चित्रे, एकाच चपलेची सात बाजूंनी काढलेली चित्रे. या अभ्यासक्रमाला शंभर वर्षांची वंशावळ आहे. 1919 साली जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही शाळा निघाली, तेव्हा तेथे योहानेस इटेन यांनी प्रत्येक नवागतासाठी एक प्राथमिक पाठ्यक्रम घालून दिला. कागद, रंग, आकार आणि द्रव्य यांच्याशी काहीही 'उपयोगी' न बनविता झटापट करावयाची. बाउहाउस 1933 साली बंद पडले, पण तो पाठ्यक्रम या ना त्या रूपाने उल्मला गेला, अहमदाबादेस आला, आणि आज आपल्याकडील बहुतेक संस्थांचे पहिले वर्ष त्याच्याच पायावर उभे आहे.

वडिलांना मी सांगितले, की पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून बघा. पहिल्या पानावरची रेघ शेवटाकडे थरथरत होती, आणि शेवटच्या पानावरची बरीच सरळ होती. परंतु हा बदल लहानच म्हणावयाचा. मोठा बदल त्या मुलीच्या बोलण्यात होता, आणि तो वडिलांना उलटा दिसत होता. "पूर्वी ही आनंदाने चित्रे काढायची," ते म्हणाले, "आता प्रत्येक कागद फाडते आणि म्हणते, मला काही येत नाही." शिक्षणाच्या या टप्प्याविषयी पालकांना कोणी सांगत नाही. हात सुधारण्याचा वेग मंद असतो. डोळा त्याच्या दुप्पट वेगाने सुधारतो. पहिल्या पानावरचा जो थरकाप तिला जूनमध्ये दिसतच नव्हता, तो ऑक्टोबरमध्ये खुपू लागला होता. विद्यार्थ्याला वाटते आपण मागे चाललो. वस्तुतः त्याचा मापदंड पुढे गेलेला असतो. याच टप्प्यावर कित्येक मुले शिक्षण सोडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे, स्वतःचा डोळा बंद करून घेऊन कसबी सफाईच्या मागे लागतात.

दुसऱ्या वर्षी तिला आणखी एका गोष्टीला सामोरे जावे लागले. या संस्थांमध्ये विद्यार्थ्यांचे काम भिंतीवर टाचण्यांनी लावतात, आणि शिक्षक व सहाध्यायी त्यासमोर उभे राहून बोलतात. आपल्या इतर महाविद्यालयांत उत्तरपत्रिका बंद पाकिटातून जाते आणि गुण बंद पाकिटातून येतात. आपल्या चुका पाहणारा परीक्षक आपल्याला कधी दिसत नाही. येथे चूक भिंतीवर टांगलेली असते. पहिल्या दोन वेळा ती रडली. तिसऱ्या वेळी तिने शिक्षकांनाच विचारले, की तुम्ही म्हणता ते कोणत्या जागी दिसते, ते बोटाने दाखवा. मला वाटते, तिच्या व्यावसायिक आयुष्याची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून धरावी. कागदावरचे दूषण आपल्या अंगावरचे नव्हे, हे समजण्यास कित्येक प्रौढ लेखकांना जन्म पुरत नाही.

तिसऱ्या वर्षीच्या कामाचे मला अधिक कौतुक वाटले, कारण त्यात माझ्या विषयाचा वास होता. बसस्थानकावरील वेळापत्रकाचा फलक नव्याने मांडावयाचा होता. ती सुटीत गावी आली आणि तिने एक सुरेख फलक रंगविला : प्रत्येक मार्गाला वेगळा रंग, ठसठशीत अक्षरे, बाजूला नकाशा. शिक्षकांनी एकच प्रश्न विचारला : हा फलक कोण वाचणार? उत्तर शोधण्यासाठी ती लागोपाठ आठ सकाळी आमच्या स्थानकावर बसून राहिली. तिच्या असे ध्यानात आले, की फलक जवळजवळ कोणीच वाचीत नाही. ज्यांना वाचता येते तेदेखील चौकशीच्या खिडकीशी जातात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "गाडी गेली का?" फलक सांगतो गाडी केव्हा सुटावयाची आहे, प्रवाशाला हवे असते ती सुटली की नाही हे. पुरवठा एका वस्तूचा, मागणी दुसऱ्याच वस्तूची! तिने पहिला फलक टाकून दिला. नव्या आराखड्यात पुढल्या दोन तासांच्याच गाड्या होत्या, प्रत्येक गाडीसाठी लाकडाची एक सुटी पट्टी होती, आणि गाडी सुटताच वाहतूक नियंत्रकाने ती उलटी करावयाची होती. मागच्या बाजूस शब्द एकच, 'गेली'. दिसावयास हा फलक पहिल्याच्या पासंगासही पुरला नसता. तो कोठे लागला नाही, आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासाकडून तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. त्या एका फलकासाठी तिने केलेली टाचणे आणि आराखडे मी मोजले : सव्वाशेच्या वर कागद भरले. राहिला एक.

डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने 1983 साली व्यावसायिकांच्या विचारपद्धतीवर एक पुस्तक लिहिले. त्यात वास्तुकलेची एक विद्यार्थिनी आणि तिचे शिक्षक एका आराखड्यावर कसे बोलतात, याचे सविस्तर वर्णन आहे. शॉन यांचे म्हणणे थोडक्यात असे, की डिझाइन करणारा आधी विचार पूर्ण करून मग रेघ ओढीत नाही. तो रेघ ओढतो, तिच्यातून त्याला न कल्पिलेले काहीतरी दिसते, आणि त्यामुळे तो पुढची रेघ वेगळी ओढतो. हे खरे असेल, तर ते सव्वाशे कागद हा या शिक्षणाचा कच्चा माल ठरतो. त्यांना नासाडी म्हणणे हे शेतात टाकलेल्या बियाण्याला नासाडी म्हणण्यासारखे आहे.

पण बियाणे विकत आणावे लागते, आणि येथेच हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. संस्थेच्या माहितीपत्रकात फीचा आकडा असतो. जाड कागद, पुठ्ठे, रंग, छपाई, प्रतिकृतीचे सामान, संगणक, पाहणीसाठी करावा लागणारा प्रवास यांचा आकडा नसतो. सधन घरचा मुलगा एक कल्पना सहा वेळा करून पाहतो आणि पाच वेळा फेकून देतो. ज्याला प्रत्येक कागदाची किंमत ठाऊक असते, तो पहिलाच प्रयत्न जपून करतो, आणि जपून केलेला प्रयत्न बहुधा भित्रा असतो. दोघांना शेवटी एकाच मापाने गुण मिळतात, आणि आपण म्हणतो की पहिल्याची प्रतिभा मोठी! आमच्या या मुलीने त्यावर तोड काढली होती. गावातील छापखान्यात कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या ती पोत्याने आणीत असे. छापखान्याच्या मालकांनी तिला कागद कोणत्या बाजूने सहज दुमडतो आणि कोणत्या बाजूने तडकतो, हेही शिकविले, जे तिच्या वर्गातील पुष्कळांना पदवी मिळेपर्यंत कळले नव्हते. परंतु प्रत्येक गावी असा छापखाना नसतो. आता तर बहुतेक गावी तो उरलेलाच नाही.

शेवटच्या वर्षी तिने जो विषय घेतला, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोनी खूण असते, हिऱ्याच्या आकारासारखी टोकावर उभी. तिचा खालचा भाग रंगीत असतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. 1971 च्या नियमांनी ही पद्धत घालून दिली आहे. लाल रंगाचा धोका कोणालाही कळतो. पण निळे औषध हिरव्याहून अधिक विषारी आणि पिवळ्याहून कमी, हे फवारणी करणाऱ्या मजुराने कशावरून ओळखावे? वाहतुकीच्या दिव्यांत निळा रंग नाही, सणावारांत तो धोक्याचा नाही. आणि हिरवा? शेतकऱ्याच्या डोळ्याला हिरवा म्हणजे पीक. सोबत घडी घातलेले माहितीपत्रक असते. त्यात अनेक भाषांतील मजकूर इतक्या बारीक अक्षरांत असतो, की चष्मा लावूनही तो वाचवत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्याची कारणे अनेक होती, आणि ती सारी डब्यावरच्या चिठ्ठीत शोधणे बालिशपणाचे होईल. तरीही त्या चिठ्ठीकडे लक्ष जाण्यास एका विद्यार्थिनीला तीन वर्षांचे शिक्षण लागले, आणि तितके शिक्षण झाल्यावर तिला ती दिसल्यावाचून राहिली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षी ती चपलेच्या आकाराकडे पाहत होती; चौथ्या वर्षी ती चपलेवाचून फवारणी करणाऱ्याकडे पाहू लागली. मधल्या काळात तिने काय केले, तर कागद वाया घालविले.

ॲडम स्मिथ यांनी 1776 च्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या व्यवसायांतील मोबदल्याची चर्चा करताना एक रोखठोक तुलना केली आहे. मुलाला चांभाराकडे उमेदवारीस ठेवले, तर तो जोडे शिवावयास शिकेल याबद्दल फारशी शंका नाही. कायदा शिकावयास पाठविले, तर त्या धंद्यावर पोट भरण्याइतके नैपुण्य त्याला येईल याची शक्यता विसांत एक. अशा व्यवसायांत यशस्वी झालेल्या एकाच्या मिळकतीत, न्यायाने पाहता, अयशस्वी झालेल्यांचाही वाटा असावयास हवा, असे स्मिथ यांचे तर्कशास्त्र आहे. डिझाइनचा व्यवसाय या सोडतीच्या जातीचा आहे. सोडतीचे तिकीट कुटुंबाने स्वतःच्या खिशातून घ्यावयाचे. मात्र बक्षीस लागले तर त्याचा उपभोग घेणाऱ्यांत आपण सगळे असतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

याचे उदाहरण वाचकांच्या खिशात आहे. रुपयाचे चिन्ह 15 जुलै 2010 रोजी भारत सरकारने स्वीकारले. ते तयार करणारे डी. उदयकुमार हे पवईच्या त्याच केंद्रात तमिळ अक्षरमुद्रणाच्या इतिहासावर संशोधन करणारे विद्यार्थी होते. स्पर्धेचे बक्षीस अडीच लाख रुपयांचे होते. चिन्ह पाहिले तर देवनागरी 'र', रोमन 'आर', आणि वर दोन आडव्या रेघा; कोणालाही वाटावे, यात काय मोठेसे? पण अक्षरांच्या अवयवांकडे वर्षानुवर्षे पाहिल्यावाचून दोन लिप्या इतक्या सहजपणे एकमेकींत मिसळता येत नाहीत. आज किराणा दुकानाच्या बिलापासून अर्थसंकल्पापर्यंत ते चिन्ह आपण फुकट वापरतो. त्यामागच्या अभ्यासाची वर्षे एका सार्वजनिक संस्थेने पोसली होती.

दुसरे उदाहरण कचेरीतील मंडळींना अधिक जवळचे वाटेल. संगणकावर मराठी टिप्पणी लिहिताना ज्या 'मंगल' टंकाचा इतकी वर्षे सर्रास वापर होत आला, तो र. कृ. जोशी यांनी घडविला. ते जाहिरात व्यवसायातून आले, 1983 पासून पवईच्या केंद्रात शिकवू लागले, आणि बोरू हातात धरून शिरोरेषा, वेलांटी, जोडाक्षर यांचा शोध घेत राहिले. सरकारी पत्र टंकित करणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो चुकीचा नाही. कमल शेडगे कोणत्या कलाशाळेत गेले होते? मराठी नाटकांच्या जाहिरातींतील ज्यांची अक्षरे वर्तमानपत्राच्या वाचकांनी दशकानुदशके पाहिली, नाटकाचे नाव वाचताच ते विनोदी की ऐतिहासिक हे ज्यांच्या अक्षरांच्या वळणावरून कळे, त्या शेडग्यांनी औपचारिक कलाशिक्षण घेतले नव्हते. मग लाखो रुपये खर्चून ही पदवी कशाला? माझे उत्तर असे, की शेडगे यांनाही शाळा होतीच. ती पगार देणारी होती इतकेच. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात त्यांनी नोकरी केली. वर्तमानपत्राचा आणि नियतकालिकांचा कलाविभाग म्हणजे रोजचे काम, रोजची घाई, शेजारी बसलेले जाणते कारागीर, आणि उद्या पुन्हा नवा कागद. वाया गेलेल्या कागदाचा खर्च तेथे मालक सोशीत असे. असे विभाग गेल्या तीन दशकांत आक्रसत गेले. उमेदवारीची ती जागा गेल्यावर तिचे सारे ओझे शाळेवर, म्हणजे पर्यायाने पालकांवर येऊन पडले आहे.

त्यात 2022 पासून एका नव्या यंत्राची भर पडली. चार शब्द लिहिले की क्षणात सफाईदार चित्र तयार करणारी संगणकप्रणाली आता कोणाच्याही हाती आहे. पालक भयभीत होऊन विचारतात, मग आमच्या मुलांनी शिकावे कशासाठी? मला या प्रश्नाचा रोख थोडा वेगळा दिसतो. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1973 साली असे मांडले, की नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत प्रत्यक्ष दिसत नसते, म्हणून तो एखाद्या खुणेवर विसंबतो. आणि ती खूण विश्वासार्ह राहण्यासाठी अट अशी, की कुवत नसलेल्याला ती मिळविणे महाग पडले पाहिजे. डिझाइनच्या विद्यार्थ्याची खूण म्हणजे त्याच्या निवडक कामांचा संग्रह, ज्याला सारे 'पोर्टफोलिओ' म्हणतात. यंत्र येण्यापूर्वीच या खुणेला कीड लागली होती. प्रवेशपरीक्षांसाठी आणि पोर्टफोलिओसाठी शिकवणीचे वर्ग निघाले, आणि एकाच वर्गातून निघालेली वीस कामे एकाच साच्यातली दिसू लागली. आता तर चकचकीत चित्र फुकट झाले. फुकट झालेली वस्तू कुवतीची खूण राहू शकत नाही.

मग उरते काय? माझ्या मते उरतात ते टाकलेले सव्वाशे कागद. बसस्थानकावर आठ सकाळी बसून 'गाडी गेली का' हा प्रश्न ऐकण्याचे काम यंत्राने केलेले नाही. पहिला सुरेख फलक फेकून देण्याचा निर्णयही त्याने घेतलेला नाही. नोकरीसाठी मुलाखत घेणाऱ्यांनी उमेदवाराला शेवटचे चित्र विचारू नये. त्याआधीची दहा टाकलेली चित्रे मागावीत आणि ती का टाकली, हे विचारावे. ज्याने खरोखर काम केले आहे, तो यावर तासभर बोलेल. ज्याने केले नाही, त्याची दोन वाक्यांत फजिती होईल. परंतु यंत्राचा एक धोका मी नाकारीत नाही. जाहिरात संस्थांतून नवख्याला जी बारीकसारीक कामे दिली जात, मजकूर जुळविणे, एकच जाहिरात आठ मापांत बसविणे, ती आता यंत्राकडे जाऊ लागली आहेत. ती कामे कंटाळवाणी असली, तरी उमेदवारीचा उरलासुरला कोपरा तोच होता.

शाळेवरचा भार याने आणखी वाढणार, आणि शाळेचा खर्च कमी होण्याजोगा नाही. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली रंगभूमी-संगीतादी कलांच्या संदर्भात दाखवून दिले, की चार जणांनी वाजवावयाची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितक्या माणसांनी आणि जितक्या वेळात वाजविली, तितकीच माणसे व तितकाच वेळ आजही लागतो. इतर धंद्यांत उत्पादकता वाढते, वेतने वाढतात, आणि म्हणून कलेचा खर्च सापेक्षतेने चढतच जातो. भिंतीवर टाचलेल्या एका कामासमोर शिक्षकाने वीस मिनिटे उभे राहावयाचे असेल, तर ती वीस मिनिटे कोणत्याही यंत्राने दहा होत नाहीत. नफ्यासाठी चालणाऱ्या काही संस्थांनी यावर सोपा उपाय काढला आहे : वर्गात साठ विद्यार्थी घ्यावयाचे आणि तासिका तत्त्वावर शिक्षक नेमावयाचे. इमारत काचेची असते, संगणक नवे असतात. वीस मिनिटांची मात्र तीन मिनिटे झालेली असतात. मुलाला कोठे घालावे असे मला विचारणाऱ्या पालकांना मी एवढेच सांगतो, की संस्थेत गेल्यावर प्रदर्शनाचे दालन पाहू नका. एका वर्गातील मुले मोजा, शिक्षक मोजा, आणि कचऱ्याची टोपली भरलेली आहे काय ते पाहा.

सार्वजनिक संस्थांच्या जागा थोड्या आहेत. पवईच्या केंद्रामार्फत पदवी-प्रवेशासाठी 2015 पासून जी अखिल भारतीय परीक्षा घेतली जाते, तिचा पहिला भाग संगणकावर सोडवावयाचा असतो, आणि त्यात वरच्या क्रमांकावर आलेल्यांचीच हाताने काढलेली चित्रे तपासली जातात. हजारो चित्रे तपासणे अवघड, हे मान्य. पण परिणाम असा, की शहरात दोन वर्षे शिकवणी घेणाऱ्याला पहिला भाग सोपा जातो, आणि ज्याचा हात-डोळा गावात आपोआप तयार झाला आहे, त्याचे चित्र कोणी पाहण्याआधीच तो बाद होतो. शासनाला काही करावयाचे असेल, तर शिष्यवृत्तीत फीबरोबर साहित्याचा खर्च धरावा. ती रक्कम एखाद्या सभागृहाच्या उद्घाटनाच्या खर्चापुढे नगण्य ठरेल. साहित्याचा खर्च धरलेली शिष्यवृत्ती म्हणजे गरीब मुलाला चुका करण्याची परवानगी होय, आणि या शिक्षणात ती परवानगी फीमाफीइतकीच मोलाची आहे.

मात्र हे सारे अठराव्या वर्षानंतरचे झाले. डोळा त्याच्या फार आधी उघडावा लागतो. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची जुनी परंपरा आहे. त्यांत मिळालेल्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून मुले त्यांना बसतात, हेही काही वाईट नाही. पण शिकविणार कोण? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक नेमण्याची तरतूद आहे. तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरती. ज्या मुलीविषयी मी लिहिले, तिच्या गावच्या शाळेत या तीन वर्गांची मुले मिळून ऐंशीच्या आसपास आहेत. चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे. तो गणिताच्या गुरुजींकडे आहे, आणि परीक्षा जवळ आली की ते त्या तासाला गणितच घेतात.